एकच लाईन राहिली

…नाय, मला एक सांगा, तळहाताएवढा सर्किटचा बोर्ड, त्यावर तांब्याच्या साठ लाईनी, एकीनं दुसरीला शिवायचं नाही, आणि भागोजी मुंबईहून फोनवर सांगतो, "हारूनभाय, चार थरांचा बोर्ड परवडत नाय, दोनातच भागवा!" भागवा! अहो, थर म्हणजे काय चादरी आहेत, कमी पडल्या तर पाय आखडून झोपतील? पण काम कसलं? तुडीलला नदीकाठी त्याची आई रखमाबाई एकटी. सावित्रीचं पाणी काठावरच्या दांडीला लागलं की घरात भोंगा वाजायचा आणि म्हातारीनं उठून वर शाळेत जायचं. त्याला नाही कसं म्हणणार?

तर तुम्हाला सांगतो, महाडच्या दुकानात पंधरा दिवस मान मोडून बसलो. एकोणसाठ लाईनी बसल्या, एकच लाईन राहिली! तिच्यासाठी दुसरी उचलली, तर तिची वाट बंद… परत एकच लाईन राहिली! आमची सलमा ओरडतेय, "अहो, जेवण निवतंय!" आलो गं, एकच लाईन राहिली! "मंगळवारपासून हेच ऐकतेय मी!"

आणि राहिली कुठली? पाण्याचीच! दांडीकडून भोंग्याकडे जाणारी! शेवटी कडेकडेनं, कशेडी घाटासारखी वळणं घेत लांबून फिरवली. दांडी पाण्यात बुडवली, भोंगा वाजला, मी खूष. भागवलं!

पण एवढी लांब लाईन म्हणजे एरियलच की हो! रखमाबाईचा मोबाईल भोंग्याच्या पेटीशेजारच्या फळीवर. भागोजीचा फोन आला, की बेलच्या आधी भोंगा बोंबलायचा. म्हटलं, मावशी, बोर्ड बदलून देतो. "नको रे बाबा! मला बेल ऐकू येत नाय. आता हा वरडला की कळतं, माझा भागोजी हाय!" आणि मी… हसलो. कबूल करतो, हसलो आणि पेटी तशीच ठेवून आलो.

आज, आत्ता तासाभरापूर्वी, तिच्या शेजारच्या श्रीपतचा फोन. "हारूनभाय, पाणी चढलंय! भोंगा एकसारखा वरडतोय, सगळी वाडी शाळेत आली, म्हातारी येत नाय! फोन कानाला लावून बसलीय. म्हणते, 'थांब रे, माझा भागोजी हाय, बोलते नि येते!' आता मधल्या वहाळाला पाणी आलं, मला खाली उतरता येत नाय!"

कोण बोलणार हो तिच्याशी? फोन कुणाचाच नाही, पाणी आलंय! भीती वाटतेय मला, खरंच सांगतो. रस्ता बुडालाय, जाऊ कसा? तिला फोन लागला, 'मावशी, ऊठ' एवढं सांगता आलं, की झालं. बारा वेळा लावला. आणि ती फोनातली बाई, किती गोड आवाजात सांगते, ऐका… "या मार्गावरील सर्व लाईन्स व्यस्त आहेत. कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा."

थोड्या वेळानं!… अगं बाई, सगळ्या नकोत मला… एकच लाईन राहिलीय.