जाळीच्या बदल्यात

नाही, तुम्हीच सांगा, मला रोख पैसे घेऊन विकलं असतं तर मी एक शब्द तरी बोललो असतो का? नसतो बोललो. विकतात हो माणसं... मोठमोठ्या क्लबांत दरवर्षी विकतात, नवा शर्ट हातात देतात, फोटोबिटो काढतात, आणि विकला गेलेला माणूस वर कॉलर ताठ करून फिरतो. पण मला विकलं नाही. मला बदललं! कशाच्या बदल्यात? दुसऱ्या गोलकीपरच्या? नाही. एखाद्या स्ट्रायकरच्या? नाही. गेला बाजार एखाद्या लंगड्या डिफेंडरच्या? तेवढंही नशीब नाही. तुम्हाला सांगतो, जाळीच्या बदल्यात. गोलच्या मागे बांधतात ना, ती जाळी. ती त्यांनी घेतली आणि मला देऊन टाकलं.

आणि देणारा कोण? परका असता तर सोडून दिलं असतं. सख्खा मेहुणा! माझ्या बायकोचा थोरला भाऊ. आमच्या गल्लीच्या क्लबचा कप्तानही तोच, मॅनेजरही तोच, आणि पोट एवढं सुटलंय की मैदानात फक्त पेनल्टी मारण्यापुरता पळतो. पळतो म्हणजे काय, बॉलपर्यंत चालत जातो.

मी धंद्याने प्लंबर. दिवसभर लोकांच्या घरचं गळणारं पाणी अडवायचं आणि संध्याकाळी मैदानावर येऊन बॉल अडवायचा, जन्म यातच गेला. या क्लबसाठी काय केलं नाही मी? जुनी जाळी फाटायची तर कोण शिवायचं? मी. पाइपाला गुंडाळतात तो दोरा आणायचा आणि गोलमध्ये मांडी घालून शिवत बसायचं. शेवटी शेवटी तर तिच्यात जाळी कमी आणि माझा दोराच जास्त होता. तरी बॉल आरपार जायचा, मग गोल झाला की नाही यावरून भांडणं, रेफरीला घेराव... शेवटी लीगवाले म्हणाले, धड जाळी लावा, नाहीतर घरच्या मैदानावर खेळू नका. बरोबर आहे, लावा ना! पण त्यासाठी जाळीसमोर उभा राहणारा माणूस द्यायचा?

आता हे मला कळलं कसं ते ऐका. आमच्या लीगमध्ये हंगामाच्या आधी पंधरा दिवस खेळाडूंच्या अदलाबदलीचा बाजार भरतो. तो संपला की कुठला क्लब कमावून बसला आणि कुठला बुडाला, याचा निकाल कोण देतो? कोपऱ्यावरचा सलूनवाला. त्याने आयुष्यात बॉलला पाय लावलेला नाही, पण आरशावर साबणाच्या फेसाने एकेका क्लबचं नाव लिहितो आणि पुढे बरोबर किंवा फुली मारतो. मी खुर्चीत बसलेलो, तोंडाला फेस, मान मागे, गळ्यावर वस्तरा, आणि याची गाडी सुटलेली. म्हणाला, बँकेच्या क्लबने स्ट्रायकर पळवला, त्याला पंख्याखालचं काउंटर कबूल केलं, म्हणून त्यांना बरोबर. छापखान्याच्या क्लबने दोन चांगले डिफेंडर देऊन एक टकल्या घेतला, पण त्या टकल्याकडे व्हॅन आहे आणि बाहेरच्या मॅचला जायची सोय झाली, म्हणून त्यांनाही बरोबर. हॉस्पिटलच्या क्लबने वाऱ्यासारखा पळणारा पोरगा आणला, पण त्याला थांबता येत नाही, पहिल्याच सरावात कुंपणात गेला आणि त्यांच्याच हॉस्पिटलात पडलाय. फुली.

मी आपला हसतोय, वस्तऱ्याखाली जेवढं हसता येतं तेवढं. मग म्हणतो कसा, "आणि तुमच्या गल्लीच्या क्लबने तर कमाल केली. बस डेपोच्या क्लबकडून जाळी घेतली, नवीकोरी. तीसुद्धा फुकटात म्हणा ना, फक्त तुम्हाला देऊन."

गळ्यावर वस्तरा होता हो! उठता येईना, ओरडता येईना, मान हलवता येईना. डोळ्यांदेखत त्याने आमच्या क्लबपुढे बरोबरची खूण केली, तीसुद्धा अशी मोठी, झोकदार. आणि डेपोच्या क्लबपुढे वस्तरा हातात धरून जरा विचार केला, माझ्याकडे बघितलं, परत विचार केला, आणि फुली मारली.

तसाच अर्धी दाढी घेऊन मेहुण्याच्या दारात गेलो. म्हटलं, दादा, हे काय ऐकतोय मी? तर मला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "भाऊजी, मनावर घेऊ नका. क्लबच्या हिताचं बघावं लागतं. त्यांच्या गोलकीपरचं मनगट मोडलंय, आपली जाळी फाटलीय. दोघांची अडचण सुटली." दोघांची सुटली! आणि तिसरा? तिसरा तुमच्यासमोर अर्धी दाढी घेऊन बसलाय, त्याचं काय? वर म्हणतो, "बरं, आलाच आहात तर बाथरूमचा नळ गळतोय, तेवढा बघून जाल का?"

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ना! मी उठलो आणि म्हटलं, नळाला जाळी लावा. आणि निघालो.

तिथून माझा सूड सुरू झाला. मी सरळ माणूस आहे, मारामारी करत नाही, पण नळ? नळाला हात लावणार नाही! गळू दे. टप, टप, टप... रात्रभर त्या माणसाला झोप लागली नाही पाहिजे. आमच्या वहिनी, म्हणजे मेहुण्याची बायको, बिचाऱ्या बोलावून थकल्या. मी म्हणायचो, वहिनी, तुमच्यावर राग नाही, पण माझा आता डेपोशी करार आहे. दुसरा प्लंबर आणला त्यांनी, त्याने नळाचा आटाच घालवला, आधी थेंब पडायचे ते आता धार लागली. मला कळलं तेव्हा मी दोन घास जास्त जेवलो. फोनमध्ये मेहुण्याचं नाव बदलून 'जाळीवाला' केलं. जेवायला आला तर त्याच्या पुढ्यात पाण्याच्या पेल्याऐवजी पाना ठेवला. बायको म्हणाली, अहो, किती लहान पोरासारखं करता, दादाने तुम्हाला विकलंय का काय? म्हटलं, विकलं असतं तर बरं नसतं का झालं! जाळीच्या बदल्यात दिलं गं मला, जाळीच्या!

पण खरा सूड पुढे होता. हंगामाची शेवटची मॅच कोणाची? आमच्या गल्लीच्या क्लबची आणि डेपोची. आणि गल्लीच्या क्लबची अवस्था काय? जाळी नवी, पण पुढे कीपर म्हणून उभा केलेला कोण, तर मेहुण्याचा भाडेकरू, जो बॉल आला की डोळे मिटतो. खाल्ले त्यांनी सपाटून गोल. नव्या जाळीला एक दिवस उसंत नाही! शेवटची मॅच जिंकली तर तरले, नाहीतर सरळ खालच्या गटात. बरोबरी झाली तरी खालच्या गटात. म्हणजे मी फक्त एक काम करायचं होतं. गोल होऊ द्यायचा नाही. एवढं केलं की ज्या मेहुण्याने मला दिलं, त्याला मी स्वतःच्या हाताने खाली ढकलणार. महिनाभर दुसरं काही सुचलं नाही मला. लोकांच्या सिंकखाली आडवा पडून मी भाषण पाठ करत होतो, की मॅच संपल्यावर त्याच्यासमोर उभं राहून काय काय बोलायचं.

चिंता एकच, पेनल्टी. मेहुण्याची पेनल्टी आजवर कुणी अडवलेली नाही. कुठे मारणार ते कळतच नाही. मग मी बायकोला धरलं. म्हटलं, तू त्याची बहीण, तुला माहीत असणार. ती म्हणाली, माहीत आहे, पण नळ दुरुस्त करायचा. बघा, घरातसुद्धा बाजार! मी म्हटलं, मॅचनंतर करीन. तिने माझ्याकडून वचन घेतलं आणि मग सांगितलं, "दादा लहानपणी साखर चोरायचा ना, तेव्हा सगळ्या स्वयंपाकघराकडे बघायचा. खिडकीकडे, शेगडीकडे, आईकडे. फक्त साखरेच्या डब्याकडे बघायचा नाही." संपलं. मला हवं ते मिळालं.

मॅच गल्लीच्याच मैदानावर. त्या दिवशी आधी गोलपाशी गेलो आणि त्या जाळीला पहिल्यांदा जवळून बघितलं. सवत बघावी तशी बघितली. हाताने ताणून बघितली, एखादं भोक सापडतंय का, एखादी गाठ सैल आहे का... नाही हो. पांढरीशुभ्र, जाड दोरी, चारी कोपरे ताठ. खोटं कशाला बोलू, माल चांगला होता. त्यामुळे आणखीनच डोकं फिरलं.

आणि मग मी खेळलो. काय खेळलो म्हणून सांगू! हे काढ, ते काढ, पायांत उडी, डोक्यावरून ठोसा, एक तर चक्क तोंडाने अडवला, दात हलला, म्हटलं हलू दे. आमचे डेपोवाले काही गोल करेनात, पण मला काय त्याचं? मला शून्यच हवं होतं. मॅच संपत आली, शून्य-शून्य, आणि तेवढ्यात आमच्याच एका कंडक्टरने बॉलला हात लावला. सवय त्याची, समोर आलं की हात पुढे करतो. पेनल्टी!

मेहुणा आला. चालत. पोट सावरत. बॉल ठेवला आणि बघायला लागला. माझ्या उजव्या कोपऱ्याकडे बघितलं. वरच्या दांडीकडे बघितलं. आभाळाकडे, रेफरीकडे, प्रेक्षकांत बसलेल्या बहिणीकडे, सगळीकडे बघितलं. माझ्या डावीकडे खालच्या कोपऱ्यात? तिकडे एकदाही नाही. साखरेचा डबा! मी झेपावलो डावीकडे, आणि बॉल आला, बरोबर तिथेच आला, दोन्ही पंजे लागले, धाडकन वर उडाला... अडवला! मी अडवला!

उठलो आणि सरळ मेहुण्यासमोर जाऊन उभा राहिलो. एवढ्या दिवसांचं भाषण पोटात होतं, थांबणार कसं? म्हटलं, दादा, बघितलंत? जाळी मागे नुसती तोंड बघत राहिली, अडवला तो माणसाने. कळला का आता, माणसात आणि दोरीत फरक? आता खालच्या गटात जा, तिथे जाळीला घेऊन बसा, तिलाच सांगा बॉल धर, तिलाच सांगा नळ बघ... असा सुटलो होतो मी! आणि मेहुणा ऐकून घेत होता. शांतपणे. माझ्या तोंडाकडे बघत होता, माझ्या बुटांकडे बघत होता, रेफरीकडे, आभाळाकडे बघत होता... फक्त माझ्या मागे बघत नव्हता.

आणि मला साखरेचा डबा आठवला.

वळलो. वर उडालेला बॉल खाली पडला होता, त्याला फिरकी बसलेली, आणि तो आपला रमतगमत, वाटेत कुणी ओळखीचं भेटतंय का बघत, रेषेकडे निघालेला. मी धावलो हो... पण भाषणाच्या नादात फारच पुढे आलो होतो. रेषा ओलांडली त्याने. आणि जाळीने काय केलं? काही नाही. अलगद पदरात घेतला. जो मला अडवता आला नाही, तो तिने अडवला. मेहुणा मागून आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "भाऊजी, नळाचं तेवढं बघा."

सलूनवाल्याने दुसऱ्या दिवशी आरसा पुसला, पण गल्लीच्या क्लबपुढची बरोबरची खूण तेवढी ठेवली. मी दाढी वाढवायला घेतलीय.

आता वचन दिलं होतं, नळ दुरुस्त करायला जावं लागलं. गेलो. बाथरूममध्ये गुडघ्यांवर बसलोय, हातात पाना, डोक्यावर पाणी, आणि बाहेर मेहुण्याचा फोन वाजला. डेपोचा कप्तान होता. दादांनी स्पीकर लावलेला, सगळं ऐकू येत होतं. कप्तान म्हणत होता, आमचं चुकलं, तुमचा माणूस परत घ्या, आमची जाळी परत द्या. मी पाना थांबवला. श्वाससुद्धा थांबवला. म्हटलं, कसाही असला तरी सख्खा मेहुणा आहे, आत बहिणीचा नवरा नळाखाली बसलाय, आता तरी घेईल घरी परत. मेहुण्याने चहा भुरकला. कप्तान म्हणाला, बरं, वर दोन बॉल देतो. मेहुण्याने परत भुरकला. कप्तान म्हणाला, मैदानावर चुन्याच्या रेषा मारायची गाडी पण देतो. तेव्हा मेहुणा खाकरला आणि म्हणाला, "नाही हो. जाळी काही देता येणार नाही."

मी गुपचूप नळ आवळला. आणि तुम्हाला सांगतो, कुणाला बोलू नका, पण त्याच्या जागी मी असतो ना... मीपण दिली नसती.