पायरीवर ठेवलेला भोपळा

मलाच का पकडलंस पण, वीणा? रविवारच्या शाळेत आज्ञापालनाचा धडा तू घेणार आणि तोंड मी दुखवून घ्यायचं? पाळकसाहेबांनी पाठवलं म्हणे! — बरं, बस. त्या टोकाला नको, बाकाचा पाय मोडकाय. हे बघ, चौथीत शाळा सोडली मी, सरकारी गाडी चालवण्यात जन्म गेला. उपदेश जमत नाही. झालं ते सांगतो, शनिवार आहे, मला निघायचंय.

तू नवीन आहेस दिल्लीत — इथं कापणीच्या सणाला जो तो घरचं काहीतरी वेदीपुढे ठेवतो. शेत कुणाच्या बापाचं आहे इथं? कुणी लोणचं आणतं, कुणी केक. मी आणला लाल भोपळा — गच्चीवर, थर्माकोलच्या खोक्यात वाढवलेला. माकडांपासून राखला, यार, पोरासारखा! उपासनेनंतर त्या सगळ्याचा लिलाव. लिलाव करणारा कोण? श्यामकांत. तीस वर्षांचा दोस्त. भोपळा वर धरून ओरडतो कसा — 'बंधुभगिनींनो, हा आझादपूर मंडीत पिकलाय!' म्हणजे भाजीबाजारातून विकत आणलेला! सगळी मंडळी खो-खो. मी म्हणालो, 'गाढवा, देवाच्या घरात मला खोटं पाडतोस?' गाढव म्हटल्याचा राग आला त्याला. आता गाढवाला काय म्हणायचं? हसले त्याचं काही नाही गं — बी माझ्या बायकोचं, कुमुदचं होतं. जायच्या आधी तिनं वाळवून रुमालाला गाठ मारून ठेवलेलं. ...ते जाऊ दे. ते पोरांना सांगू नकोस.

वर्षभर अबोला. पुढच्या सणाला परत भोपळा घेऊन रांगेत उभा, आणि पाळकसाहेबांनी वाचायला काय काढावं? — वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, समेट कर. म्हटलं, वा रे वा! चूक त्याची आणि चपला मी झिजवायच्या? पण कुमुद म्हणायची ना, 'माझ्यावर जीव आहे म्हणता, आणि सांगितलेली कोथिंबीर आणत नाही — कसला हो जीव?' ती कोथिंबिरीचं बोलायची. देवाचं काय वेगळं असतंय? गाणी भरपूर म्हटली मी त्याच्यासाठी, बेसूर. सांगितलेलं कधी केलं? ठेवला भोपळा वेदीच्या पायरीवर, आणि सगळ्यांदेखत चालता झालो. मागून कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याची तब्येत बिघडली वाटतं.

मेट्रो पकडून थेट द्वारका, त्याचं घर. श्यामकांतच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, वॉकर धरून दार उघडलं. मी तोंड उघडायच्या आत म्हणतो — 'आलास? चलो, माफ केलं.'

माफ केलं! मला! त्यानं!

शिवी अशी इथपर्यंत आलेली. पण आज्ञा समेट करायची होती, हिशेब करायची नव्हती. म्हणालो, 'बरं.' एवढंच. भोपळा काय जड असतो, पोरी — तो 'बरं' उचलून बघ एकदा. सुनीतीवहिनी आत चहा टाकता टाकता रडत होत्या. मी बघितलं नाही असं दाखवलं.

परत आलो तर लिलाव संपलेला, चर्च रिकामं. भोपळा पायरीवरच. शेजारी पाळकसाहेब बसलेले. म्हणाले, 'तुम्ही येईपर्यंत हात लावायचा नव्हता.' मग उचलला मी, ठेवला वेदीवर. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला — द्वारकेहून. लिलावात बोली लावायची होती म्हणे, एका भोपळ्यावर.

हसतेस काय? नाही, तेव्हाही नाही मागितली माफी त्यानं. बोली लावून घेतला, आणि घारगे करून पाठवले मला त्या भोपळ्याचे. घारगे म्हणजे माफी नव्हे. आता दर शनिवारी माझ्या खांद्यावर हात टाकून सोसायटीला फेऱ्या मारतो, आणि वर मलाच सांगतो, हळू चाल. — ऊठ, ऊठ, झाली गोष्ट. तो खाली येऊन उभा असेल, उशीर झाला की ओरडतो. आणि पोरांना सांगशील तेव्हा नाव नीट सांग. माफी अजून यायचीय ती श्यामकांत योहान भालेरावकडून.