मालोजीनं कौन्सिलातून आणलेली वीज

...हसा, हसा! तुमचं काय जातंय हसायला? पण तुम्हाला सांगतो, त्या मालोजीच्या जागी तुमच्यातला कुणीही असता ना, तर त्यानंही हेच केलं असतं, आणि वर ढोल बडवून केलं असतं! अहो, मुंबई इलाख्याचं कायदे करणारं कौन्सिल म्हणजे काय आपली गावकी आहे, की चार म्हातारे बसले, तंबाखू मळली आणि निकाल लावून उठले? तिथं सगळं इंग्रजीत! आणि इंग्रजीत माणूस हो म्हणतोय की नाही म्हणतोय हे त्याच्या तोंडावरून ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो आमच्या मालोजीला!

थांबा, सुरुवातीपासून सांगतो. मालोजी आमच्या वाडीचा पुढारी. वाडी कुठली? पोलादपुरावरून उमरठच्या वाटेला लागलात की जिथं तुम्हाला धाप लागते ना, तिथली. दिवस बुडाला की डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. घासलेटची चिमणी, तीही जेवणं होईस्तोवर. तर आमचे मेंबरसाहेब मतं मागायला आले तेव्हा म्हणाले होते, "एवढं पाणी कड्यावरून पडतं, सावित्रीतून फुकट समुद्राला जातं! त्यावर सरकारनं वीज करावी आणि खेड्यापाड्यांना द्यावी, असा ठराव मी कौन्सिलात आणतो!" आणि आणला हो, खोटं कशाला बोला? पण ठराव आणणं वेगळं आणि त्याची पाळी येणं वेगळं. मुंबईच्या बैठकीत पाळीच आली नाही. पुण्याच्या बैठकीत पाळी आली, तर साहेब तापानं फणफणलेले. पुढल्या खेपेला साहेब खडखडीत बरे, तर शेतसाऱ्यावरून अशी जुंपली, अशी जुंपली, की वीज राहिली बाजूलाच. भाकड म्हैस बाजारात न्यावी आणि तशीच परत आणावी, तसा तो ठराव!

मग गावकी बसली. मालोजी म्हणाला, "आरं, आपलं गाऱ्हानं आनि आपन हितं! समोर मानूस नाय, तर निकाल लागंल कसा?" आता यात चूक काय, तुम्हीच सांगा! ज्याचं गाऱ्हाणं त्यानं समोर बसावं, ही आपली बापजाद्यांची रीत. ठरलं, मालोजीनं जायचं. गावदेवी जननीपुढं नारळ ठेवला, पागोटं धुतलं, दासगावहून लाँच, बाणकोटाहून बोट, आणि स्वारी मुंबईत, भाच्याकडं. भाचा दत्ताराम, गिरणीत कामाला. त्यानं खटपट करून पास काढले आणि मामाला नेऊन बसवलं कौन्सिलाच्या गॅलरीत.

आणि काय सांगू! डोक्यावर विजेचे पंखे गरगरतायत, भर दुपारी विजेचे दिवे जळतायत, आणि त्याखाली बसून मंडळी विचार करतायत, की बाबा, वीज लोकांच्या उपयोगाची आहे की नाही! मालोजी वरून दोन्ही हात जोडून बसला होता. मेंबरसाहेब उठले, बोलले, टेबलावर हात आपटला, लोकांनी बाकं वाजवली. मग सरकारातला एक गोरा साहेब उठला, असा गोड हसला, अर्धा तास बोलला.

"दत्ताराम, काय म्हन्तोय रं?"

"मामा, साहेब बोलतो, आयडिया एकदम फर्स्टक्लास हाय. सरकारची फुल सहानुभूती हाय."

मग आमचे मेंबर पुन्हा उठले, दोन शब्द बोलले आणि बसले. पुन्हा बाकं वाजली.

"आनि आता?"

"आता त्यांनी ठराव मागं घेतला."

झालं! मालोजी उडालाच! अहो, आपल्याकडं माणूस गाऱ्हाणं मागं कधी घेतो? मनासारखं झाल्यावर! समोरच्यानं बांध सोडला, पाय धरले, सुपारी पुढं केली, की मग हा म्हणतो, "बरं, मागं घेतलं." रिकाम्या हातानं मागं घेणारा माणूस कशेडीपासून महाडापर्यंत मला एक दाखवा! मालोजीनं तिथंच डोळे पुसले. म्हणाला, "दत्ताराम, मिळाली रं वीज! पेढे घे!" आणि तो दत्तारामही असला शहाणा, की त्यानं पेढे घेतले!

वाडीत परत आला तो वाजतगाजत. आणि इथं, तुम्हाला सांगतो, इथं खरी माती खाल्ली. भर गावकीत उठून म्हणाला, "फुडल्या शिमग्याला जननीची पालखी इजेच्या दिव्यात निघंल! मशाल बंद!"

मशाल म्हणजे येसाजीबाबांच्या घरचा मान. पालखीपुढं मशाल त्यांचीच, तेल त्यांचं, चिंध्याही त्यांच्या, आजा-पणजापासून. मशालीशिवाय पालखी पाऊल उचलत नाही. आणि हा काय म्हणतो? बंद!  म्हातारा उठला, मशाल आणली, देवळाच्या कोपऱ्यात उभी केली आणि काठी टेकत घरी गेला. म्हातारा रागावला, असंच सगळ्यांना वाटलं. घरी मालोजीची बायको ठकूबाई कडाडली, "अवो, आदी दिवा येऊ द्या, मंग मशाल इझवा!" पण मुंबई पाहून आलेला पुरुष बायकोचं ऐकतो होय?

पुढं महाडच्या बाजारात एका वकिलाच्या ओसरीवर मालोजीनं फुशारकीनं हे सगळं सांगितलं. वकीलसाहेब चष्म्यावरून बघतच राहिले. "अहो मालोजीराव, मागे घेतला म्हणजे सोडून दिला."

"सोडला? काय न घेता?"

"सहानुभूती घेतली की!"

"ती... ती कंच्या तारंतनं येते?"

अख्खी ओसरी हसली हो! ओझेवाले हसले, समोरचा वाणी हसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मालोजीला! घाट चढून घरी आला, पण वाडीत सांगणार कुठल्या तोंडानं? कुणी विचारलं, "मालोजीदादा, खांब कवा येनार?" की हा म्हणायचा, "काम चालू हाय." पावसाळा झाला, भात झालं, काम चालूच! पाणवठ्यावर रंगूबाईनं विचारलं, "भावजी, दिवा चुलीपाशी लावू का दारात?" तर हा भरला हंडा तिथंच टाकून पळाला.

आणि शिमगा काय कुणासाठी थांबतो? दिवेलागण झाली, पालखी सजली, ढोल लागले, सगळी वाडी आभाळाकडं तोंडं करून उभी, की आता पेटेल, मग पेटेल! काळोख दाटत चालला, ढोल थांबले, आणि सगळ्यांच्या माना हळूच मालोजीकडं वळल्या. मेल्याहून मेल्यासारखं... अहो, त्या वेळी धरणी दुभंगली असती ना, तर हा उडी टाकून वर माती ओढून घेता!

शेवटी देवळातली मशाल उचलली आणि गेला येसाजीबाबांच्या दारात. मागं सगळी वाडी. म्हाताऱ्याचे पाय धरले, ढसढसा रडला. "बाबा, वीज नाय आली. येनारबी नाय. मला काय कळलंच नाय तिथलं. तुमचा मान मी मोडला, मला काय पायजे ती शिक्षा करा, पन मशाल धरा."

आम्हाला वाटलं, म्हातारा आता काठीच घालतो. पण तो नुसताच चाचपडत बसला. मग म्हणाला, "मालोजी, मी रागावलो नव्हतो रं. माज्या डोळ्यांचं तेज गेलंय, मशालीत आता काय दिसत नाय मला. म्हनलं, इजेचा दिवा मोटा असतो म्हनतात... त्यात जननीचं तोंड येकदा तरी दिसंल. सालभर वाट बगत हुतो."

हसा ना आता! का नाही हसत?

 म्हाताऱ्यानं स्वतः चिंध्या बांधल्या, तेल घातलं, पेटवली, आणि मशाल मालोजीच्याच हातात दिली. "मान माज्या घरचाच. पन धरनार तू. मी तुज्या खांद्याला धरून चालंन." आणि निघाली पालखी!

तेव्हापासून दर शिमग्याला तेच. मेंबरसाहेब पुन्हा निवडून आले, वीज अजून कौन्सिलातच आहे, आता म्हणे कमिटी नेमणार! आणि आमचा मालोजी? तुम्हाला सांगतो, लाज वाटली की माणूस काळोखात तोंड लपवतो, आणि काळोखाला आमच्याकडं काय तोटा? पण याच्या हातात मशाल! सगळी वाडी बुडते अंधारात, आणि पालखी फिरते तशी घरोघर तेवढं एकट्या मालोजीचंच तोंड लख्ख दिसतं!