कुलूपबंद कपाट आणि फिरते सर

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, विभागीय विज्ञान केंद्रातून आज निवृत्त होणारे आपले सत्कारमूर्ती, म्हणजे आम्हा सगळ्यांचे ‘फिरते सर’, सोबत आलेल्या वहिनी, आणि माझ्या विज्ञान शिक्षक बंधुभगिनींनो,

मला भाषणाची सवय नाही. पण चार वर्षांपूर्वीची एक गोष्ट आहे. ती तेवढी सांगते.

आमच्या शाळेची प्रयोगशाळा वर्षानुवर्षं कुलपात होती. सर शाळाशाळांतून प्रयोगांचं साहित्य घेऊन फिरायचे. आमच्याकडे आले आणि म्हणाले, “बाई, फळ्यावरचं विज्ञान किती दिवस दाखवणार? उद्या आपण दोघं कपाट उघडू.”

मला लाज वाटली हो. म्हणून दुसऱ्या दिवशी ते यायच्या आत मी एकटीच कपाट उघडून आवरायला घेतलं. खालच्या फळीवर एक बाटली होती. लेबल कसरीनं खाल्लेलं, आत पिवळे खडे, झाकण घट्ट. फडक्यानं धरून जोर लावणार, तोच दारातून आवाज आला, “बाई, हात थांबवा.”

ओरडले असते तर बरं झालं असतं. इतकं हळू बोलले, की माझे हात होते तिथेच थांबले.

“झाकण फिरवलंत?”

“नाही... बहुतेक नाही.”

“हलू नका.”

ते पिक्रिक आम्ल होतं. ओलं असतं तोवर गरीब. वाळलं की झाकणाच्या आट्यांत नुसतं घासलं तरी स्फोट. भिंतीपलीकडे सातवीच्या मुली मोठ्यानं कविता म्हणत होत्या. त्यांत माझी लेक होती. मला तिचा आवाज वेगळा ऐकू येत होता.

सर आत आले. माझ्या मनगटांखाली त्यांनी आपले तळहात धरले.

“सर, तुम्ही तरी बाहेर जा.”

“गेलो असतो, पण पाय उचलत नाहीत,” ते म्हणाले.

एक पाऊल. टेबल. बाटली टेकली. मग शाळा रिकामी केली, तज्ज्ञांनी बाटली दूरच्या माळावर नेऊन फोडली, आणि तिचा जो आवाज झाला, तो मी लेकीला कवटाळून ऐकला.

त्या प्रयोगशाळेत पुन्हा पाऊल टाकणार नाही, असं मी सांगून टाकलं. सोमवारी सर हजर! “मलाही भीती वाटते,” म्हणाले, “म्हणून तर दोघांनी उघडायचं.” पुढे आठवडाभर आम्ही एकेक बाटली तपासली. आज तिथे मुली प्रयोग करतात.

अध्यक्ष महोदय, सरांच्या जागी अजून कुणी नेमलेलं नाही. काल एका शाळेतल्या नव्या शिक्षिकेचा फोन आला, “बाई, प्रयोगशाळेची किल्ली सापडलीय. उघडू का?” मी म्हटलं, “नको, थांब.” तिनं विचारलं, “कुणासाठी?”

तो प्रश्न मी आपल्या हाती देते.

सर, वहिनी, तुमचे आभार मानायला शब्द तोकडे आहेत. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल, तर सभेनं पोटात घालावं. नमस्कार.