खिडकीपासून एक वीत

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील आपल्या बांधकाम संघाचे पदाधिकारी, आजचे सत्कारमूर्ती खडूमास्तर, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, आणि मास्तरांनी ज्यांच्या ज्यांच्या घरी दिवे लावले ते तुम्ही सगळे, तुम्हां सर्वांना माझा नमस्कार. ‘दिवे लावले’ हे सरळ अर्थानंच घ्यावं. वाकड्या अर्थानं दिवे लावणारा माणूस आता तुमच्यासमोर माइक धरून उभा आहे.

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. आर्किटेक्ट मुदत कशी पाळतो ते या सभागृहात कुणाला वेगळं सांगायला नको, पण आज प्रयत्न करतो.

अडतीस वर्षं मास्तरांनी घरांत वीज खेळवली. आता डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांची शिडी बंद केली आणि ते लेकीकडे राहायला निघाले आहेत. कानावर खडू अडकवलेला हा माणूस विटांच्या उघड्या भिंतींत सगळं घरदार गोळा करायचा, हे तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवलं असेल. प्लास्टर नाही, दारं नाहीत, आणि मास्तर म्हणायचे, हं, आता इथे राहायला लागा. बाहेरून आलात, हात कुठे गेला? जिथे हात जाईल तिथे खडूची फुली. एका आजींना त्यांनी पालथ्या घमेल्यावर बसवलं होतं, पलंग समजून. आजी म्हणाल्या, अहो मास्तर, पलंग जरा मऊ द्या. पण बटण त्यांच्या हाताखाली बरोबर आलं.

आम्ही मात्र टेबलावर बसून बटणं काढतो. कागदावरच्या माणसाला हात कुठे असतात?

हे सगळं मी आज सांगतोय. माझं स्वतःचं घर बांधत होतो तेव्हा मला ते कळायला हवं होतं.

विटकाम पुरं झालं त्या दिवशी मास्तरांनी आमच्याकडेही सगळ्यांना उभं केलं. माझ्या वडिलांना विचारलं, बाबा, कॉट कुठे टाकणार? बाबा मागच्या खोलीत खिडकीच्या भगदाडाशी जाऊन उभे राहिले. तिथून कोपऱ्यावरचा नळ दिसायचा आणि सायकल शिकणारी पोरं दिसायची. बाबा म्हणाले, इथे. मास्तरांनी फुली मारली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “साहेब, या खोलीलाही इन्व्हर्टरची लाइन देऊ या. म्हातारपणी माणूस खोलीतच जास्त असतो.”

नकाशात इन्व्हर्टर फक्त हॉलला आणि स्वयंपाकघराला होता. आणि नकाशा माझा होता. चार गवंड्यांच्या देखत मी म्हणालो, “जेवण झालं की झोपणाऱ्या माणसाला इन्व्हर्टर कशाला? नकाशा मी काढतो मास्तर, तुम्ही वायरी ओढा.”

गवंडी हसले. बाबा म्हणाले, राहू द्या हो मास्तर, मला काय लागतंय. मास्तरांनी खडू कानावर ठेवला आणि पुढचं काम पुरं केलं. जाताना मीटरच्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आणि एवढंच म्हणाले, साहेब, हा काढू नका. नव्या रंगाशी तो कागद मला विद्रूप दिसला. आठवड्याभरात मी तो सोलला आणि घराच्या फायलीत टाकून दिला. त्यानंतर माझ्या कामांवर मी दुसरे वायरमन बोलावू लागलो. मास्तरांसमोर उभं राहायची लाज वाटत होती. ती लाज आहे हे कबूल करायला मला बराच काळ लागला.

तीन वर्षांनी बाबांच्या फुप्फुसांनी दगा दिला. घरी ऑक्सिजनचं यंत्र आलं. पहिल्याच आठवड्यात दुपारी वीज गेली, यंत्र बंद पडलं, आणि मी बाबांना खांद्यावर टाकून हॉलमध्ये आणलं. नवा वायरमन म्हणाला, लांब एक्स्टेन्शनवर हे यंत्र चालवू नका, आणि लाइन न्यायची तर भिंत फोडावी लागेल. बाबांना धूळ सोसणार नव्हती. मग कॉटच हॉलमध्ये आली. टीव्ही, पाहुणे, दाराची घंटा, आणि त्यात एका पडद्यामागे माझे बाबा. आयुष्यभर कुणासमोर बनियनवर न बसलेला माणूस. अकरा महिने. रोज सकाळी विचारायचे, “माझी खोली कधी होणार रे?” मी म्हणायचो, होईल, बाबा. पुढे पुढे त्यांनी विचारणं सोडलं.

ते गेले तेव्हा मास्तर भेटायला आले होते. हॉलमधली कॉट पाहून त्यांनी विचारलं, बाबा इथे का होते? मी सांगितलं. मास्तर पाणी प्यायले आणि निघून गेले.

महिन्याभरानं कसलीशी पावती शोधताना फाइल उघडली. तो कागद हाती लागला. पेन्सिलीनं काढलेलं माझं घर, भिंतीआडचा वायरींचा प्रत्येक पाइप, आणि इन्व्हर्टरच्या फळीपासून मागच्या खोलीपर्यंत एक लाल रेघ. शेजारी मास्तरांचं अक्षर: ‘बाबांची खोली. रिकामा पाइप टाकलाय. खिडकीपासून एक वीत, कॉटच्या उंचीला. लागेल तेव्हा प्लास्टर खरवडावं.’

मी खिडकीपाशी गेलो. वीत मोजली. बोटानं ठोकलं तर पोकळ वाजलं. स्क्रूड्रायव्हरनं चार पापुद्रे काढले आणि आत डबी निघाली. डबीत वायर ओढायची तार गुंडाळून ठेवलेली. अर्ध्या तासाचं काम होतं, मंडळी. बाबांना त्यांच्या खिडकीशी ठेवायला मला मास्तरांना एक फोन करायचा होता, आणि तो मी केला नाही.

मास्तर, त्या दिवशी हॉलमध्ये बसून तुम्हाला हे सगळं माहीत होतं. ‘मी सांगितलं होतं’ एवढं तुम्ही म्हणू शकला असता. तुम्ही पाणी पिऊन गेलात. त्या खोलीत आता लाइन ओढली आहे. तिथे कुणी झोपत नाही.

माझी पाच मिनिटं कधीच संपली, अध्यक्ष चष्म्यावरून बघताहेत. मला बोलू दिलंत याबद्दल संघाचे आभार, आणि शांतपणे ऐकलंत त्याबद्दल तुम्हां सर्वांचे. बोलण्याच्या ओघात काही चुकलं असेल तर पोटात घालावं, असं म्हणून वक्ते खाली बसतात. माझं बोलण्यातच चुकलं होतं मास्तर, चार गवंड्यांच्या देखत. तेव्हा माफीही चारचौघांतच मागायला हवी. आज इथे दोनशे माणसं आहेत. माझं चुकलं.