ढिगावरचा लाईट

(सिंदी रेल्वेजवळचं खेडं. तानाबाईंच्या घरातली एकमेव खोली वेचलेल्या कापसानं दारापर्यंत भरलेली. भाव येईस्तोवर तो हलायचा नाही. त्यांची लेक नंदिनी आणि तिचा भागीदार शुभम सकाळीच आलेत. त्या दोघांनीच बनवलेला चार्जिंगचा लाईट नंदिनीच्या हातात आहे, आणि तिचं डोकं चांगलंच तापलंय.)

नंदिनी : हात लावून पाह्य. लाव म्हणते ना!

शुभम : बाप रे, चटकाच बसला! वर्कशॉपात तर एकदाई नाई तापला हा.

नंदिनी : तिथं टेबलावर होता. इथं आईनं कापसाच्या ढिगावर ठेवला. खालचा कापूस पिवळा पडला, दिसते का?

तानाबाई : मंग कुठी ठेवू, बाई? बटनाचा बोर्ड ढिगाच्या मांगं. पोरीनं बनवलेली वस्तू, घासू नाई म्हणून मऊ जागी ठेवली.

नंदिनी : खालची छिद्रं बुजली, शुभम. गरमी आतच कोंडली.

शुभम : स्टिकर लावू. 'कापसावर ठेवू नये', लाल अक्षरात. उद्या आर्वीले माल चालला आपला.

नंदिनी : माल नाई जात.

शुभम : पागल झाली का? पहिली ऑर्डर आहे! आर्वीचा दुकानदार पुन्हा दारात उभं नाई करणार.

नंदिनी : नको करू दे. आई, लाईटवर काय लिहिलं ते वाचलं का?

तानाबाई : तुयं नाव पाहाले घेतलता हातात. नाई दिसलं, मंग देला ठेवून.

नंदिनी : ऐकलं? अन् हे माझी आई आहे. स्टिकर कोण वाचते? लाईट तापला का चार्जिंग आपोआप बंद झालंच पाहिजे. आत कटऑफ टाकू, छिद्रं बाजूले घेऊ, मांगं आकडा देऊ. खिळ्याले टांगता आला पाहिजे.

शुभम : पुरी डिझाईन बदलावी लागन!

नंदिनी : बदलू.

शुभम : एका घरी तापला म्हणून एवढं...

नंदिनी : आई, काल रात्री झोपली कुठी तू?

तानाबाई : ढिगावरच, अजून कुठी? संगं समीक्षा होती, लाईट दोघीच्या मधात. उजेडाबिगर झोपत नाई तुया भावाची पोट्टी.

शुभम : ...हॅलो, गाडीवाले भाऊ? उद्या गाडी नोका आणू. नाई, परवाही नाई. मीच सांगीन.

तानाबाई : काय झालं रे? खराब आहे का लाईट?

शुभम : काकू, पोतंभर कापूस द्या. आता कापसातच गाडून तपासतो, अंगणात, पाण्याची बादली जवळ ठेवून.

तानाबाई : ने ना. हा घे, समीक्षाच्या उशाकडचा. लाईट याच्यावरच होता.