तिखट काकाचं, गोड बाबाचं

— नाही नाही सर, काटा मागू नका, काटा मिळणार नाही. काटे काकाकडे. आमच्या बाजूला फक्त चमचे. हसताय काय, वाटणीत तसंच ठरलंय — काटे, सुऱ्या, मीठ, मिरपूड, कढया, तेल त्याचं. चमचे, वाट्या, साखर, साय, ओव्हन आमचं. अंडी दोघांची, म्हणजे ऑम्लेटची त्याची आणि पुडिंगची आमची. कोंबडीला कुणी विचारलं नाही, नाहीतर तिनेही एक बाजू धरली असती. तुम्ही एवढ्या मोठ्या कंपनीसाठी जागा बघत गावोगाव फिरता, असं दुकान पाहिलंत कधी? नाही ना? मग खा केक चमच्याने. बाबा येईलच, आत कपडे बदलतोय. दुपारचं दुकान बंदच असतं, तेव्हा तुम्हाला कुणी उठवणार नाही. आणि आधीच सांगून ठेवते, उगाच आशेवर राहू नका — दुकान विकायला काका नाही म्हणतोय. आणि तो नाही म्हटल्यावर बाबा काय हो म्हणणार?

तुम्ही ज्या दारातून आलात ते या रस्त्यावरचं. काकाचं दार पलीकडच्या गल्लीत. दुकान एकच, कोपऱ्यावरचं, मागे स्वयंपाकघर एकच, मधे ही काच. ही आजोबांची करामत. म्हणजे आजोबांची कमी आणि या दोन शहाण्यांची जास्त. आजोबा हॉस्पिटलात, नाकात नळ्या, आणि हे दोघं कॉटच्या दोन बाजूंना उभे राहून विचारतायत, दुकानाचं काय? आमच्या घरात वेळ साधायची रीतच अशी. आजोबा म्हणाले, थोरल्याने तिखटाचं बघायचं, धाकट्याने गोडाचं, आणि डोळे मिटले. मेले नाहीत हो, नुसते मिटले, कंटाळून. आठवडाभर होते त्यानंतर, पण पुन्हा कुणी विचारलंच नाही, कारण दोघांनाही वाटलं आपलं बरं झालं. मला विचाराल तर — कुणी विचारत नाही, पण तुम्ही बसलाच आहात म्हणून — मला वाटतं आजोबा त्या दिवसाच्या कामाची वाटणी सांगत होते. रोज सकाळी गल्ल्याशी उभं राहून सांगायचे ना, तू आज हे बघ, तू ते बघ, तशी. नळ्यांच्या गुंगीत त्यांना वाटलं असेल दुकान उघडायची वेळ झाली. आणि या दोघांनी ती जन्माची वाटणी करून टाकली. हे मी एकदा बोलून दाखवलं होतं. काकू म्हणाली, मोठ्यांच्यात बोलू नये. बरं.

भिंत घातली असती तर उपकार झाले असते. पण भिंतीआड समोरचा काय शिजवतो ते दिसणार कसं? म्हणून काच. तिकडे कुणी पॅनकेक केला की इकडे बाबाच्या भुवया वर. इकडे मी चीजचं काही भाजलं की तिकडे काका झारा हातात घेऊन उभा. चहावरून तर महिनाभर जेवणं गेली नाहीत दोघांना. शेवटी ठरलं की बिनसाखरेचा चहा काकाकडे आणि साखरेचा आमच्याकडे. गिऱ्हाईक तिकडे सूप पिऊन म्हणतं, जरा चहा द्या, साखर घालून — तर त्याने उठायचं, गल्लीतून बाहेर पडायचं, कोपरा वळायचा आणि इथे येऊन बसायचं. एखादी आई तिकडे नूडल्स खातेय, पोरगं इकडे आइस्क्रीम, आणि दोघं काचेतून एकमेकांना खुणा करतायत, तोंड पूस, तोंड पूस. लोकांना वाटतं ही काहीतरी नवी कल्पना आहे. फोटो काढतात. परवा एक मुलगी फोनमध्ये बघत बोलत होती, किती गोड जागा आहे ना ही. मी म्हटलं, अर्धीच.

टोमॅटो सॉस? सॉस कुठल्याच बाजूला नाही. निकालच लागला नाही त्याचा.

आता हे जे तुम्ही खाताय ना — कसं लागतंय? खरं सांगा. वरचा तो करपवलेल्या साखरेचा पाक, त्यात काय आहे? मीठ. आमच्या बाजूला मिठाचा खडा सापडायचा नाही, आणि पाकात मीठ. पहिल्यांदा मी स्वयंपाकघरात काकाच्या कट्ट्यावरची चिमूट उचलली तेव्हा त्याने काचेतून पाहिलं. मला वाटलं, आता भडका. काही नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या कट्ट्यावर मिठाची वाटी. काकाचा आचारी म्हणाला, विसरला असेल कुणीतरी. तेव्हापासून रोज कुणीतरी विसरतं. आणि बाबा रोज दुपारी यातलं एक खातो, बोटं चाटतो, आणि विचारत नाही यात काय घातलंस. जन्मभर साखरेत हात घालून बसलेला माणूस, त्याला कळत नाही होय? एवढं सगळं कळतं, आणि तोंड उघडायची वेळ आली की दोघंही मठ्ठ.

बोलतात कसे मग? माझ्यामार्फत. म्हणजे दोघं स्वयंपाकघरात एकमेकांना खेटून उभे असतात आणि बाबा मला म्हणतो, त्याला सांग तो पंखा बंद कर, माझी साय उडतेय. मी तोंड उघडायच्या आत काका म्हणतो, त्याला सांग, ऐकू आलं. पण पंखा बंद करत नाही! कारण मी अजून सांगितलेलं नाही. मग मी सांगायचं — काका, बाबा म्हणतो पंखा बंद कर — की मग पंखा बंद. हा नियम आहे आमच्याकडे. माझ्या तोंडून आलं नाही तर ते बोललंच गेलं नाही असं धरायचं. कानावर पडलं तरी धरायचं नाही. आधी हे काम आजी करायची, ती गेल्यावर माझ्यावर आलं. वारसा म्हणतात ना, तो हा. आणि हे दोघं उठता-बसता मला म्हणणार, तू लहान आहेस, तुला काय कळतंय.

कॉलेज? कोण म्हणालं तुम्हाला, बाबा? काय म्हणाला, पोरीने घरच्या धंद्यासाठी शिक्षण सोडलं? डोळ्यांत पाणी आणून म्हणाला असेल. धंद्याबिंद्यासाठी काही नाही. केटरिंगच्या कॉलेजात एक सर होते, कढईला हात न लावलेले, ते आम्हाला रुमालाचा हंस करायला शिकवायचे. आठवडाभर हंस. मी म्हटलं, सर, हा हंस शिजवायचा कधी? वर्गाबाहेर काढलं. मी वर्गाबाहेरून सरळ फाटकाबाहेर गेले, रस्ता एकच होता. घरी आले तर बाबा खूश, काका खूश. कुणी विचारलं नाही, का आलीस. दोघांनाही निरोप्या हवा होता, तो पूर्ण वेळचा मिळाला.

तुम्हीच पहिले, खरं तर. मागच्या वेळी विचारलंत ना, तुला काय करायचंय पुढे? मी रात्रभर — जाऊ दे. आणि म्हणालात, दोघांच्या सह्या मिळवून दे, आमच्या मुख्य बेकरीत तुला ट्रेनिंगला घेतो, दुसऱ्या शहरात, राहायची सोय करून. पाहिलाय मी तुमचा तो बेकरीचा व्हिडिओ. ओव्हन केवढाले ते! माणूस आत उभा राहील. तुमच्या खुर्च्या भिकार आहेत, सांगून ठेवते, फोटोत छान आणि बसल्यावर कंबर जाते. आणि चाळीस दुकानांत एकच केक, तोही कालचा. पण ओव्हन... हो, हवंय मला ते. हवंय म्हणजे काय, पिशवी भरून ठेवलीय पलंगाखाली. तुम्हाला काय वाटतं, मला आवडतं इथे? मी तर रोज सांगते, विकून टाका, मोकळे व्हा, मला मोकळी करा.

हो, पण काका नाही म्हणतोय ना. काय करणार. हट्टी आहे.

काय? — शर्ट? दाराच्या फटीतून दिसला होय? त्याचं काय? हो, चांगला शर्ट घालतोय बाबा, इस्त्रीचा. मग? माणसाने नाही म्हणायला चांगला शर्ट घालू नये असं कुठे आहे? आणि काकाने दाढी केलीय ते इथून दिसतं तुम्हाला? डोळे बरे आहेत. योगायोग. आज तुमचा शेवटचा दिवस, उद्या तुम्ही पलीकडच्या चौकातली जागा घेणार, हे दोघांनाही माहितीय, म्हणून जरा नीटनेटके. निरोप द्यायला. असं बघू नका माझ्याकडे. मी सांगितलं ना, काल रात्री मी स्वतः काकाला विचारलं, आणि तो म्हणाला, गुडघ्यामुळे त्याला आता उभं राहवत नाही, मी बघतो रोज, काउंटर धरून उभा असतो, त्याला सांग माझी तयारी आहे, त्याच्यासाठी तरी —

नाही. नाही म्हणाला. मी काय म्हटलं? मी म्हटलं, नाही म्हणाला.

बरं. ऐकलंत तर ऐकलंत. म्हणाला हो. आणि बाबा काय म्हणाला तेही ऐका, पोट भरू दे तुमचं. बाबा म्हणाला, तेलाच्या धुराने त्याला धाप लागते, पायरी चढताना थांबतो, मला दाखवत नाही पण थांबतो, त्याला विचार, त्याची इच्छा असेल तर देऊन टाकू, मला दुकानाचं काही नाही. झालं! दोघांचं हो. दोघांनाही दुसऱ्यासाठी हो म्हणायचंय. आणि मी बाबाला सांगितलं, काका नाही म्हणतो; काकाला सांगितलं, बाबा नाही म्हणतो. का म्हणजे? वेडी नाहीये मी, माझंच नुकसान आहे ते कळतंय मला, ओव्हन गेला, सगळं गेलं. पण तुम्ही सांगा — इतकी वर्षं मी काय पोचवलं? गाढव पोचवलं, नालायक पोचवलं, त्याला म्हणावं तुझा केक विटेसारखा झालाय, हे पोचवलं, आणि एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. पंखा, सॉस, नळ, उंदीर, सगळं. आणि आता एकदा, एकदाच, दोघांना एकमेकांना काही धड म्हणायचंय, तर तेही माझ्याच तोंडाने? मी म्हणू काकाला, बाबाला तुझी काळजी वाटते? माझी जीभ काय सार्वजनिक नळ आहे? शिव्या पोचवीन. हे नाही पोचवणार. आणि मी पोचवलं तर पुढे काय होईल ते दिसतंय मला. तुमच्या कागदावर सह्या करतील, शेजारी शेजारी बसून, आणि बाबा मला सांगेल, त्याला सांग पेन दे. मग दोघं आपापल्या घरी जातील. संपलं. काचसुद्धा नाही मधे. मी तिकडे तुमच्या बेकरीत, आणि यांना एकमेकांचं काही कळायचंच नाही, कोण पडला, कोण दवाखान्यात गेला — सांगणारं कोण?

काकाच्या छातीचं? माहितीय. मी मुद्दाम रखडवतेय असं म्हणायचंय तुम्हाला. तो रोज धूर खातोय आणि मी हट्ट धरून बसलेय. म्हणा. मी काल झोपले नाही, म्हणा अजून. पण मी लहान आहे ना, मला काय कळतंय? मोठे आहेत ते दोघं. त्यांना म्हणा की, तोंड उघडा.

श्श. येतोय.

ये बाबा. बस, खुर्ची घे, काउंटर धरू नकोस. — हो, त्यांनी खाल्लं. — आवडलं. — काय विचारतोस? शेवटचं काय म्हणाला? कोण? — मला माहीत नाही. — नाही, काल सांगितलं ते सोड. काल मी काहीही सांगितलं असेल. मला माहीत नाही तो काय म्हणतोय. तो बघ, तिथे काचेला चिकटून उभा आहे, झाराही नाही हातात. विचार ना. — मी नाही. — नाही म्हटलं ना बाबा, मी नाही विचारणार, आणि तू काय म्हणालास तेही नाही सांगणार. आज नाही, कधीच नाही. — असं काय बघतोस? दोन हातांवर आहे तो. — रागव. रागव माझ्यावर, चालेल.

सर, तुम्ही तोंड उघडायचं नाही. तुम्हाला माहितीय म्हणून काय झालं. बसा गप्प. नाही, बसूही नका. उठा. ती पिशवी घ्या तुमची, कागद राहू द्या टेबलावर किंवा घेऊन जा, मला काही नाही त्याचं. — अहो, काचेकडे, त्या दोघांकडे काय बघताय? ते आमचं घरचं आहे. निघा ना तुम्ही.